बसायची परवानगी

बाबा,

तीर्थरूप लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच बाबा.

आई आणि मी घर सोडलं त्याला सहा वर्षं झाली. तुमची नजर गेल्याचं काकांकडून कळलं. वेळ जात नसेल तर एक ऑडिओबुक ऐका. त्यातल्या देशात बसायलाही परवानगी लागते. वाचणारा कलाकार पट्टीचा आहे, एकटा चाळीस माणसं उभी करतो. मी त्याच स्टुडिओत असतो. छापील पान समोर धरतो आणि त्याचा शब्द चुकला की थांबवतो. नववीतून काढलंत, तरी एवढं येतं.

परवानगी देणारा अधिकारी त्याला जमेना. तो नुसता ओरडायचा.

"दादा, ओरडू नका. मायेनं विचारा."

"तुला रे काय माहीत, मायेनं कसं छळतात?"

मी तुमचं नेहमीचं वाक्य म्हणून दाखवलं : "पाय दुखले का रे राजा? मग अजून थोडा उभा राहा." त्यानं ते शेवटच्या हसण्यासकट उचललं.

घरी आईला ऐकवलं. ती भाजी चिरत होती. तो आवाज आला तशी सुरी ठेवून उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "अगं, पुस्तक आहे," म्हणालो, तरी बसेना. शेवटी मीच तुमच्या आवाजात "बस" म्हणालो. लगेच बसली.

तुम्हाला लाज वाटावी, म्हणून हे पुस्तक सुचवत होतो. पण तो "बस" मला किती सहज जमला, हे तुम्हाला कळायला नको. पत्र टाकत नाही.

तुमचाच,
धाकटा