पप्पांनी बसवलेला प्लग

पप्पा,

स्कूटर अजून आहे. हे आधी सांगून टाकते, कारण मागच्या महिन्यात ती जवळजवळ गेलीच होती. आईचं ऑफिस आता सातपूरला गेलंय. रोज नाशिक रोडवरून जाऊन-येऊन करते आणि सारखी पंपावर उभी असते. "ही पेट्रोल पीत नाही, ओतून घेते," म्हणते. शोरूमवाला एक्सचेंजमध्ये घ्यायला तयार होता, आईने इलेक्ट्रिकचा रंगसुद्धा बघून ठेवला होता. मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाली, "पंचेचाळीसचं मायलेज काढून दाखव, मग राहू दे. नाहीतर पाडव्याला नवी."

तुम्ही गेलात तेव्हा मी पाचवीत होते. आता नोकरी करते आणि उरलेला सगळा वेळ गाड्यांमध्ये घालवते. ऑफिसमधल्या निम्म्या लोकांच्या बाइकचे स्पार्क प्लग मी उघडून बघितलेत. कोणी नुसतं म्हणालं की अ‍ॅव्हरेज पडलंय, की माझं लेक्चर सुरू. आधी टायरची हवा बघा, मग एअर फिल्टर, मग प्लग. प्लग कंपनीने दिलेल्या नंबरचाच घ्या, कारण तो किती गरम राहणार हे त्या नंबरात असतं. जास्त थंड घेतला तर काजळी धरतो, जास्त गरम घेतला तर इंजिनाची वाट लागते. इरिडियमचा महाग प्लग जास्त टिकतो हे खरं, पण मायलेज दुप्पट वगैरे सगळ्या गप्पा. आणि दोन टोकांमधली गॅप मोजूनच बसवा. ठिणगी पडून पडून टोकं झिजतात, गॅप आपोआप वाढत जाते, मग चढावर ठिणगी चुकते आणि पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. एवढं सगळं लोकांना सांगायचे आणि आपल्या स्कूटरचा प्लग मात्र बदलत नव्हते. कारण तो तुम्ही बसवला होता.

तो रविवार मला अजून दिसतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुम्ही बनियनवर बसलाय, खाली जुना पेपर पसरलाय. वरून गॅलरीतून आई ओरडतेय, "पोहे गार होतायत! वर येताय की स्कूटरलाच भरवू?" तुम्ही हसून प्लग माझ्या तळहातावर ठेवता. "रंग बघ. चहासारखा आहे ना? म्हणजे तब्येत बरी आहे. काळा असता तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा असता तर ताप आलाय." मग गॅप मी करते, मी करते म्हणून मी स्क्रूड्रायव्हर घेते, मधल्या टोकावर टेकवते, जोर लावते, आणि पांढरं पोर्सेलिन टचकन तडकतं. तुम्ही खूप चिडलात. "थांब म्हटलं की थांबायचं! बाहेरचा हुक वाकवायचा, मधल्याला हात लावायचा नाही, कितीदा सांगितलं?" मी भोकाड पसरलं. पोहे तसेच ठेवून ओळखीच्या कोणाची तरी बाइक मागून आणलीत, मला मागे बसवून द्वारकेच्या चौकातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात नेलंत, नवा प्लग घेतलात. घरी आल्यावर गॅप मोजायच्या फिलर गेजची पाती माझ्याच हातात दिलीत. मला वाटलं होतं आता आयुष्यात कधी हात लावू देणार नाही. पण म्हणालात, "घे. पाती आत जाताना जरा अडली पाहिजे. घासून गेली की बरोबर." गेली घासून. प्लग बसल्यावर गेज पुसून म्हणालात, "हे तुझ्याकडेच ठेव." त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात.

स्कूटर खूप दिवस कव्हरखाली होती. मग आई चालवायला शिकली. पहिल्यांदा सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "ताई, प्लग नवा टाकून देतो." आई म्हणाली, "तो राहू द्या, ह्यांनी बसवलाय." मी तिथेच उभी होते. ते वाक्य मी इतकं पक्कं धरून ठेवलं की काय सांगू. नववी-दहावीपासून सर्व्हिसिंग मीच करायला लागले. दर वेळी प्लग काढायचा, ब्रशने साफ करायचा, वाढलेली गॅप परत कमी करायची, बसवायचा. टोकाच्या कडा पार गोल झालेल्या दिसायच्या. दुसऱ्या कोणाच्या गाडीत असता तर मी तो डस्टबिनमध्ये टाकला असता.

आईने अट घातल्यावर मी बाकी सगळं करून बघितलं. हवा, फिल्टर, ब्रेक मोकळे, सगळं. एकाच पंपावर टाकी फुल करायची, आठवडाभर चालवायची, परत तिथेच फुल करायची, असं मोजलं. छत्तीस. आता उरला फक्त प्लग. नवा आणून ठेवला होता, पण रविवारी पार्किंगमध्ये पाना हातात घेऊन मी नुसती बसून राहिले. तो ठेवला तर स्कूटर जाणार. स्कूटर ठेवायची तर तो जाणार. तेवढ्यात आई भाजी घेऊन आली.

"काय गं, अशी काय बसलीस? चाक चोरीला गेलं का?"

"प्लग बदलावा लागणार, आई. पप्पांचा."

"पप्पांचा म्हणजे?"

"त्यांनी बसवलेला. तूच म्हणाली होतीस ना गॅरेजवाल्याला."

तिने पिशवी खाली ठेवली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. "अगं बाई. तो केव्हाच गेला. तू सातवीत असशील. मी तुला क्लासवरून आणत होते आणि द्वारकेच्या चौकात मधोमध बंद पडली. मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत, मला काही सुचेना. एका रिक्षावाल्याने ढकलून बाजूला लावून दिली. तुला रसवंतीत बसवलं, आणि ह्यांनी घेतला होता त्याच दुकानातून नवा घेतला."

मला त्यातला फक्त उसाचा रस आठवतो. "मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तेव्हा तू त्यांचा कंगवासुद्धा कोणाला हलवू देत नव्हतीस. आणि त्यानंतर, तू सर्व्हिसिंग करायला लागायच्या आधी, गॅरेजवाल्याने पण एकदा बदललाय. एवढी गाड्यांमधली हुशार ना तू? एक प्लग इतकी वर्षं टिकतो का?"

टिकत नाही, पप्पा. मला ते चांगलं माहीत होतं. हा प्रश्न मी दुसऱ्या कोणाला लगेच विचारला असता, स्वतःला कधी विचारला नाही.

"रडली होतीस का तू तेव्हा?" मी विचारलं.

"रडायला वेळ कुठे होता? घरी येऊन पोळ्या लाटायच्या होत्या." मग पिशवी उचलत म्हणाली, "लाटताना रडले थोडी. चल, बदल आता. आणि हात धुतल्याशिवाय कोथिंबिरीला हात लावू नकोस."

बदलला. नंतर जरा हाव सुटली. इंटरनेटवर लोक म्हणतात गॅप थोडी जास्त ठेवा, ठिणगी मोठी पडते. तेही केलं. उड्डाणपुलाच्या चढावर आई मागे बसलेली असताना स्कूटरने गचके दिले. "हिला उचकी लागलीय, पाणी पाज," आई म्हणाली. घरी येऊन गॅप परत कंपनीच्या मापावर आणली. आता एका किकमध्ये सुरू होते, चढावर रडत नाही.

पण खरं मायलेज एक्केचाळीस आलं. दोनदा मोजलं. प्लगला जेवढं देता आलं तेवढं त्याने दिलं, बाकी स्कूटरचं वय झालंय. आईला मी सेहेचाळीस सांगितलंय. ती ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगत फिरतेय, माझ्या लेकीने काढलं म्हणून. इलेक्ट्रिकचं नाव आता घेत नाही. त्यामुळे हे पत्र कोणाला दाखवायची सोय नाही, तिला तर नाहीच. आईचं काम अकाउंट्सचं आहे, पप्पा. पंपावर टाकी भरली की ती आधी किलोमीटर बघते, मग माझ्याकडे बघते, आणि हेल्मेट घालते. मला वाटतं तिला कळलंय. तिने अजून विचारलेलं नाही, आणि मीही सांगितलेलं नाही.