वाऱ्यापुरतं शीड

प्रिय अंजू,

मेहकरहून तुझ्या आज्जीचा जयभीम. अक्षर तुझ्या आईचं हाय, बोल माझे हायेत. मी शाळेची पायरी चढले न्हाई, म्हणून चुका सगळ्या दीपमालेच्या आणि शहाणपण सगळं माझं, असं समजून वाच. हे सांगितलं तरी तुझी आई हसली न्हाई. वर्ष झालं, या घरात माझ्या थट्टेला कुणी हसत न्हाई. मीच करते, मीच ऐकते.

परवा फोनवर तू म्हणालीस, पुढच्या महिन्यात गोव्याला शर्यत हाय, वारं जोराचं राहणार, तर दादाचं मोठं शीड आणि त्याची रुंद फळी पाठवून द्या, त्याची राहिलेली शर्यत मी त्याच्याच शिडावर पुरी करते. आई व्हय म्हणाली. तिला वाटलं, लेकीला भावाची आठवण पाहिजे. मी भिंतीला टेकून ऐकत होते. 

तुझ्या दादाचा, बुद्धरत्नचा, हा नाद आधी मला कळायचाच न्हाई. समुद्राकाठच्या हॉटेलात भांडी घासायला गेलेलं पोरगं, वर्षभरात पाहुण्यांच्या फळ्या वाहायला लागलं, आणि मग एक दिवस फोनवर बघते तर स्वतःच फळीवर उभं, शीड हातात धरून, समुद्रावर पळायलंय. मी म्हणलं, आरं हे तर उपणणं हाय! त्याला कळेना. मग मी त्याला सांगितलं, खळ्यावर वाऱ्यात धान्य ओतून दाणा-भुसा वेगळा करायचा, ते उपणणं. माझ्या ऐन उमेदीत पार दुबलगुंडीपर्यंतच्या खळ्यावरून मला बोलावणं यायचं, कामून की मला वारं कळायचं. वारं मंद असलं की वावडीवर, त्या तिपाईवर, चढायचं आणि मोठी पाटी डोक्याच्या वर धरून ओतायची. वारं वाढलं की मुकाट खाली उतरायचं, पाटी ठेवून लहान सूप घ्यायचं, हात कमरेपर्यंत आणायचे. न्हाईतर भुशासंगं दाणाबी उडून जातो, आणि मोठी पाटी वारं धरून मनगट पिरगाळते. उतरायची लाज वाटणाऱ्या बाईची निम्मी रास शेजारच्या वावरात पडायची.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, आज्जी, आमचा सर बी हेच सांगायलाय. जोराच्या वाऱ्याला लहान शीड, अरुंद फळी. मोठं शीड खांद्यातून हात उपटतं, आणि रुंद फळीच्या खाली वारं शिरलं की ती तव्यावरच्या पापडासारखी उलटते. मग आमचा खेळच झाला. पाण्यात जायच्या आधी तो फोनवर नारळाची झाडं दाखवायचा आणि विचारायचा, कोणतं घेऊ? मी शेंडे बघून सांगायचे, साडेसहाचं घे, न्हाईतर साडेचारचं घे. अक्षर न येणारी बाई मीटरमध्ये बोलायली म्हणून शेजारची अक्कम्मा तोंडाला पदर लावून हसायची.

तीच अक्कम्मा काल तूर पाखडायला बोलवायला आली होती. मशीन रास करतंय, पण घरापुरती डाळ अजून सुपातच येते. मी गेले न्हाई. वारं सुटलं की मी दार लावून घेते. जन्मभर ज्याला तोंड देऊन उभी राहिले, त्याच्याकडं आता पाठ करून बसते. कडुलिंब सळसळला तरी उठून कडी लावली का ते पुन्हा बघते. तुझ्या आईला वाटतं म्हातारीचे कान गेले, म्हणून हाक दिली तरी ओ देत न्हाई. कान शाबूत हायेत. ओ द्यायला आत कुणी राहिलं न्हाई.

तर ते शीड तुला मिळणार न्हाई. मी ते कापलं. कात्री चालेना, विळ्यानं कापलं, दोन दिवस लागले. तुकडे शेळ्यांच्या छपरावर दगड ठेवून घातलेत. तुझ्या आईनं बघितलं. दुःखानं डोकं फिरलं समजली असंल. फळी माझ्यानं कापवली न्हाई. ती न्हाणीपाशी पडलीय, तिच्यावर बसून मी पाणी तापायची वाट बघते. समुद्रावर पळणाऱ्या फळीची ही गत.

तू बावन्न किलोची काडी. तुला हे कळत न्हाई असं न्हाई, दादाच्या मागोमाग तूबी यात गेलीस, आता दहा जणींना तूच शीड धरायला शिकवायलीस. पण दादाचं म्हणून तुझे डोळे झाकले जायलेत. वारं मधेच उसंत घेतं, तवाचं बघून शीड घेऊ नको. सगळ्यात मोठा झोत बघून घे. चारचं घे. फळी अरुंदच घे. शेजारच्यानं मोठं लावलं तर लावू दे. कुणी हसलं तर हसू दे. हसणाऱ्याला पाण्यात जायचं नसतं.

हे मला ठाऊक हाय, कामून की हसणारी मीच होते. त्या शर्यतीच्या दिवशी त्यानं नारळ दाखवले तर शेंडे पार वाकलेले. साडेचारचं शीड त्यानं आधीच बांधलं होतं, नुसतं माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मला दिसत होतं, अंजू. पण त्याच्या मागं त्याचे दोस्त उभे होते, आणि मला त्यांच्यापुढं आज्जीची जीभ दाखवायची हुक्की आली. मी म्हणलं, आरं हे शीड हाय का बाळाचं लंगोट? सगळे खदखदून हसले. तोबी हसला, आणि ते खाली ठेवून मोठं उचललं. मीबी हसतच फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं, मागनं तेच शीड आणि फळीबी आली. वाऱ्यानं नेला, म्हणाले सगळे. मीबी मान हलवली. पत्र लिहायला अंगणवाडीची मंगल आली असती, पण मी मुद्दाम तुझ्या आईला बसवलं. तोंडावर सांगायचं धाडस वर्षभर झालं न्हाई. लंगोटाच्या ओळीवर तिचा हात थांबला. लई वेळ थांबला. आता पुन्हा चालायलाय. ती माझेच बोल लिहायलीय का दुसरंच काही, मला वाचता येत न्हाई. ही ओळ तुझ्यापर्यंत आली असंल तर फोन कर, आणि कोणतं शीड घेतलंस एवढंच सांग. तू चारचं म्हणालीस की मला दोन्ही गोष्टी कळतील, तुझीबी आणि तुझ्या आईचीबी.

तुझीच,
आज्जी
(पार्वतीबाईचा अंगठा)