वीस वर्षं वापरलेलं यान

२ फेब्रु., सोम.

आलं! शेवटी आलं! कुरियरवाला दुकानात येऊन विचारायलाय, "गौरी कोण हाय?" मी एका स्कूटीच्या मडगार्डला पॉलिश पेपर मारायलते. हात पांढरेफट्ट. तशीच पळाले.

खोक्यात राखाडी प्लॅस्टिकचे एकशे बारा भाग, जाळीला चिंचांसारखे लटकलेले. जोडले की हातभर लांब यान होतं. अंतराळात भंगार गोळा करत फिरतं, त्या पिच्चरमधलं. तो पिच्चर मी मोबाइलवर अकरा वेळा बघितलाय. पिच्चरमध्ये दिसतं ते यानसुद्धा मॉडेलच होतं, कुणीतरी टेबलावर बसून रंगवलेलं. हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचतच नाही.

हैद्राबादच्या मॅडमची चिठ्ठी आत होती. त्यांच्या वर्कशॉपात पिच्चरसाठी अशी मॉडेलं करतेत. मी बुलेटच्या टाकीवर केलेल्या कामाचे फोटो पाठवलते, त्यावरून त्यांनी ही परीक्षा धाडलीय. जोडायचं, रंगवायचं, वीस वर्षं वापरलेलं दिसलं पाहिजे. २१ तारखेपर्यंत पोचलं पाहिजे. काम पटलं तर मार्चपासून तिकडं नोकरी.

नोकरी! यानं रंगवायची!

अप्पा खोकं उलटंपालटं करून म्हणाले, "खेळणं रंगवायचा पगार देतेत व्हय?" आणि परत डेंट ठोकायला बसले. पस्तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करायलेत. जिंतूर रोडला कुणालाही विचारा, अप्पांच्या हातून गेलेली गाडी शोरूमची वाटते. हैद.बद्दल हो नाही, न्हाई नाही. काहीच नाही.

३ फेब्रु.

सुरू केलं. भाग कापायला नेलकटर एक नंबर. आई सकाळपासून नेलकटर शोधायली, मी गप्प.

दुपारपर्यंत ड्रायव्हरची केबिन उभी. खुर्ची हरभऱ्याच्या दाण्याएवढी. तिला पट्टे पण हायत! एकटीच हसत बसले.

५ फेब्रु.

वाट लागली.

भागांना तेलकटपणा होता म्हणून दुकानातल्या थिनरनं पुसले. लोखंडाला रोज पुसतो तसेच. प्लॅस्टिक हाय हे डोक्यातच आलं नाही. शेपटाचा एक पंखा डोळ्यादेखत वितळला, तळलेल्या पापडासारखा मुरडला. दहा वर्षं रंगात काढलेली बाई मी! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी वाटली.

रडले. मग नाक पुसून थिनरच्या वाटीत बघितलं तर वितळलेल्या प्लॅस्टिकची मस्त घट्ट पुट्टी झालेली. बोटानं एका फटीत भरून बघितली. वाळून दगड! मग काय, जाळीचे सगळे उरलेले तुकडे वाटीत टाकले. फटीच फटी हायत, पुट्टी लय लागणार.

८ फेब्रु., रवि.

नवा पंखा तयार. जुन्या सीडीच्या डबीतून कापला, त्याच पुट्टीनं चिकटवला. कोणता पंखा माझा आणि कोणता कंपनीचा ते मलाच ओळखू येईना. आईला विचारलं. ती म्हणाली, "मला तर आख्खंच येड्याचं काम वाटायलंय." पण दोनदा हातात घेऊन बघितलं, मी बघितलंय.

१० फेब्रु.

प्रायमर झाला. वर स्कूलबसचा पिवळा. गाडीचा रंग प्लॅस्टिकला खातो, म्हणून छोटी गन लांब धरून धुक्यासारखा मारायचा, थांबायचं, परत मारायचा. तिसऱ्या हाताला लाइट गेली, कॉम्प्रेसर बंद. सव्वा तास गन धरून बसून राहिले, खाली ठेवायची पण हिंमत होईना.

अप्पा जाता जाता थांबले. "रंग बरा बसलाय." अप्पांच्या तोंडून बरा! ह्यांनी माझ्या मॅट्रिकच्या निकालाला पण बरा म्हणलं नव्हतं.

१३ फेब्रु.

आता खरी मजा. जुनं करायचं.

खाली गंजाचा रंग, त्यावर ओलं करून जाडं मीठ चिकटवायचं, वरून पिवळा, वाळला की मीठ धुऊन टाकायचं. जिथं खडा होता तिथं पोपडा उडाल्यासारखा गंज दिसतो. पहिला पोपडा निघाला तेव्हा मी दुकानात ओरडलेच, गिऱ्हाईक दचकलं.

विटेची भुकटी, चुलीची राख, चहापत्तीचं पाणी. आईचा मिठाचा डबा निम्मा.

अप्पा बघायलेत. "चांगल्या रंगाची वाट लावायलीस."
"अप्पा, तसंच पाहिजे त्यानला."
"मळकं पाहिजे?"
"वीस वर्षं वापरलेलं."
मान हलवून गेले. पटलं नाही, दिसतंच की.

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र

उपास. साबुदाणा खाऊन बसले ते उठलेच नाही. दुपारी चारला झालं. झालं! माळवदावर उन्हात ठेवून चाळीस फोटो काढले. दोन दिवस वाळू द्यायचं आणि धाडायचं. अंगात नुसता वारा भरल्यासारखं व्हायलंय, एका जागी बसवेना.

१६ फेब्रु., सोम.

राग. नुसता राग.

आत्याच्या सुनेच्या बाळाचं बारसं होतं, सकाळच्या गाडीनं पिंगळीला गेलते. आत्यानं नेहमीप्रमाणं सगळ्या बायकांपुढं विचारलं, "तिशीला टेकलीस, अजून खेळण्यात काय रमलीस गं?" मी हसून घेतलं. आज मला कुणीही काहीही म्हणलं असतं तरी चाललं असतं.

साडेपाचला घरी. अप्पा दारातच उभे, लय खुशीत. "ये, बघ."

टेबलावर यान. नवं कोरं. चकाचक. सगळे पोपडे घासून काढलेले, खड्ड्यांत पुट्टी, पिवळ्याचे दोन हात, वरून लॅकर, रबिंग कंपाउंड मारून आरसा केलेला. माझं तोंड दिसायलं त्यात.



"तू दमलतीस, म्हणून म्हणलं आपण सारखं करून देऊ. एवढ्या लांब पाठवायचं, असं मळकं कसं धाडायचं? म्हणतील परभणीच्या पोरीला रंगच मारता येत नाही."

मग मात्र ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा अप्पांवर. काय काय बोलले ते लिहीत नाही. "तुमाला मी जाऊच नये वाटतंय" हे पण बोलले.

अप्पांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं आणि आत गेले.

१७ फेब्रु., मंगळ.

बोलणं बंद. १९ला संध्याकाळी कुरियर नाही केलं तर २१ला पोचत नाही. दोन दिवस. दोन दिवसांत काय होतंय कपाळ!

अप्पांनी सकाळी पूजा केली, विभूती लावली, दुकानात जाऊन नुसते बसले. हातोडीचा आवाजच नाही. आई म्हणाली, "त्यानी दिवसभर जेवण नाही केलं काल, ते करत बसलते. पाठ धरलीय. एवढं तर समज."

समजतंय. म्हणूनच जास्ती राग यायलाय.

दुपारी त्यांच्यापुढं मोबाइल ठेवला, पिच्चर लावला. "बघा. मग बोला." मला वाटलं पाच मिनिटांत ठेवतील. आख्खा बघितला! चष्मा लावून, मोबाइल नाकाशी. मधेच म्हणाले, "थांबव. मागं घे. हा गंज खोटा हाय."

"काय?"

"इथं कुणाचा हात लागत नाही, पाय लागत नाही. मग इथला रंग कसा गेला? आणि ह्या दाराच्या कडीपाशी बघ, नवंकोरं! रोज उघडायलेत ना दार? रंग पहिला तिथंच जातो."

पस्तीस वर्षं ह्या माणसानं दुसरं केलंय काय? गाडी कुठं झिजते, कुठं चेपते, कुठून सडते हे बघूनच तर ती नीट करायची असते. आणि मी मीठ टाकलं ते कुठंही, पडेल तिथं. माझं काम तरी कुठं खरं होतं?

चहा झाला. दोघांनी घेतला.

१८ फेब्रु.

एकटीनं होण्यासारखं नाही. उजवी बाजू माझी, डावी अप्पांची. अप्पांनी विचारलं, "दुसऱ्याचा हात चालतो का? लिहिलंय काही?" चिठ्ठीत लिहिलंय, काम स्वतःचं असावं. मी म्हणलं, बघू. घाई होती, तेवढंच म्हणलं.

काय दिवस गेला! सकाळी आठपासून टेबलाला दोघं. अप्पांनी आधी ड्रायव्हर ठरवला. "हा माणूस जाडा हाय. चढताना ह्या पायरीवर सगळं वजन. पायरी खाली दबलेली पाहिजे." गरम सुईनं दाबली. "डाव्या हातानं दार धरतो, घाई असली की बुटानं ढकलतो." बुटाचा घासा, दाराच्या खाली, तिरका. मग म्हणाले, "एकदा धडकलाय कुठंतरी. स्वतःच ठोकून सरळ केलंय, पैसे वाचवायला. असले लय येतेत आपल्याकडं." आणि एक पत्रा असा काही वेडावाकडा ठोकल्यासारखा केला की मी हसून हसून टेबलावर पडले.

लॅकर काढणं जीवघेणं. थिनर नको, नुसतं घासून. बोटांची सालं गेली. पण मधे मधे अप्पा गुणगुणायले! दुकानात कधी ऐकलं नाही.

१९ फेब्रु.

साडेचारला झालं. साडेपाचला कुरियरमध्ये. थर्माकोल कापून बसवलं, आईनं तिची जुनी मऊ ओढणी भोवती गुंडाळली.

खोकं बंद करायच्या आधी दोन्ही बाजू बघितल्या. माझी चांगली हाय. खरंच चांगली हाय. डावीकडं बघितलं की मात्र आतून कुणीतरी आत्ता उतरून चहाला गेलंय असं वाटतं.

२१ फेब्रु.

पोचलं. सही झाल्याचा मेसेज. आता बघत बसायचं.

अप्पा एका जुन्या जीपचा पत्रा ठोकायलेत. मधेच हात थांबतो, पत्र्याकडं नुसतं बघत राहतेत. गिऱ्हाईकाला म्हणाले, "हा डाग राहू दे, चांगला दिसायलाय." गिऱ्हाईक बेजार.

२३ फेब्रु., सोम.

सकाळी १०:५०, मॅडमचा मेसेज. काम सगळ्यांना लय आवडलं. पण एक विचारायचंय. उजवी बाजू आणि डावी बाजू एका हाताची वाटत नाही. डावी कुणी केली?

अप्पांना वाचून दाखवलं. ते लगेच म्हणाले, "सांग की मीच केली म्हणून. कोण बघायला येतंय? माझ्यापायी तुझं जायला नको." आणि हातोडी उचलली.

सरळ होतं. चार अक्षरं. मीच केली. टाइप पण केलं. मग त्या पायरीची, त्या जाड्या ड्रायव्हरची आठवण झाली. हैद.ला जाऊन मला कुणी म्हणलं, तसंच परत करून दाखव, तर? आणि नाही म्हणलं कुणी, तरी?

पुसलं. लिहिलं: डावी माझ्या अप्पांनी केली. मी केलेलं आधीचं काम चुकून पुसलं गेलतं आणि वेळ नव्हता. उजवी माझी. कुठं झिजतं ते मला अप्पांनी शिकवलं, पण ते परवाच. अजून शिकायचंय.

पाठवलं. ११:४०.

दोन निळ्या खुणा आल्या. वर "टायपिंग" दिसलं, गेलं, परत दिसलं, गेलं. दीड वाजला. काही नाही.

अप्पांना सांगितलं काय लिहिलं ते. पत्र्याला हात फिरवत बसले. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "हैद्राबादला उन्हाळा लय असतो का गं?"

परभणीचा माणूस विचारायलाय! हसू आलं. मी म्हणलं, "आपल्याएवढा नसंल, अप्पा."

"मग ठीक हाय," म्हणाले.

सव्वादोन. अजून काही नाही.