सोमनाथचा समुद्र आणि भटूशेठची टोपी

२६ ऑक्टोबर, रविवार
चार दिवसांची सोमनाथ-जुनागढ टूर संपली. जाहिरातीत ‘गाईडसह’ लिहिलं होतं. गाईड म्हणजे कुंदन. त्याने जुनागढचा इतिहास मोबाईलमध्ये बघून वाचला. रेंज गेली, इतिहास तिथेच थांबला. मग त्याच्या मावसभावाच्या बांधणीच्या दुकानात पाऊण तास. सोमनाथला दर्शन घेऊन बाहेर आलो तर अंधार. समुद्र बसच्या खिडकीतून दाखवला. बायको प्रमिला म्हणाली, काळं काहीतरी दिसलं. बिचारी समुद्रासाठीच आली होती. फार वाईट वाटलं. (जुनागढला मी बॅगेचा भाव करत होतो त्यात तास गेला, पण तो वेगळा विषय आहे.)
ठराव : नुकसानभरपाई घेणारच. गल्लीतल्या चौदाही जणांचे अर्धे पैसे परत. त्यातून प्रमिलाला पुन्हा सोमनाथ.

२७ ऑक्टोबर
तक्रार अर्ज लिहिला. साडेतीन पानं. ‘महोदय’पासूनच दम जाणवतो. हर्षदा म्हणाली, पप्पा, एक पान करा, कोण वाचणार? पोरीला कायदा कळत नाही. कामावर, सुरतच्या कापड मार्केटात, साड्यांच्या घड्या घालता घालता सगळ्यांना वाचून दाखवला. दुकानाचे शेठ म्हणाले, काम करो.

२९ ऑक्टोबर
अर्ज दिला नाही. पार्सलची घाई. उद्या नक्की.

१ नोव्हेंबर
प्रमिलाने विचारलं, काय झालं त्याचं? सांगितलं, प्रोसेस चालू आहे. अर्ज उशीखाली सुरक्षित आहे.

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळी १०
टूरचे मालक भटूशेठ यांच्या लिंबायतच्या ऑफिसात. मागे अख्खी गल्ली. ठरलंय : बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही, आवाज चढवायचा.
१०.१०. बसलो. गुडघा.
१०.१५. चहा. नाही म्हणणं बरं दिसेना.
१०.३०. भटूशेठ माझ्या मामेसासऱ्यांच्या गावचे निघाले. अर्ज न उघडता उठले, मला टिळा लावला, टॉवेल-टोपी दिली, वर नारळ. सगळ्यांसमोर. स्वतःच्या लग्नातही मला एवढा मान मिळाला नव्हता. फोटो काढला. मी हसलो, फोटो होता म्हणून.
दुपारी १२. बाहेर आल्यावर शेजारचा संदीप म्हणाला, टोपी घेतली म्हणजे रुसवा मिटला, आता भटूशेठ पैसे कशाला देतोय? आमच्या खान्देशात तशी रीत आहे खरी. रुसलेल्या माणसाने टोपी-टॉवेल घेतला की विषय संपतो. पण मी ती मनातून घेतलेली नाही. फक्त डोक्यावर घेतली. कायद्याने फरक पडतो.

४ नोव्हेंबर
भटूशेठच्या स्टेटसवर माझा फोटो. खाली ‘समाधानी प्रवासी’. गल्लीत कोणी माझ्याशी बोलत नाही. मान मिळाला की लोक जळतात.

५ नोव्हेंबर
भटूशेठना फोन लावून खडसावायचं ठरवलं. लावला. ते म्हणाले, सुपडूभाऊ, टोपी नीट बसली ना? बसली होती. तसं सांगितलं. फोन संपला.

९ नोव्हेंबर, रविवार, दुपारी २
प्रमिला नवी साडी नेसून शेजारच्या सुषमाबरोबर डुमसला निघाली. सिटी बसने. समुद्र तिथेही आहे. सुरतेत येऊन एकवीस वर्षं झाली, माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हटलं, थांब, भरपाई आली की सोमनाथचाच दाखवतो. चपला घालता घालता ती म्हणाली, “तुम्हले टोपी भेटनी, माले समुद्र नई भेटना. आते मी जास.”
मीही येतो म्हटलं. तिने सांगितलं, भाकरी झाकून ठेवली आहे.

संध्याकाळी ७
आली. साडीचा काठ ओला, पायांना काळी वाळू. सुषमाशी दारात उभी राहून हसत होती. इतकी हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. विचारलं, कसा होता समुद्र? म्हणाली, खूप मोठा.
मी अजून खिडकीतूनच बघितलाय.