उकंडरावांचे पाय धुतले गेले त्याविषयी

मु. पो. धाड
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

श्री. नारायणराव यांस धाडहून भगवंतरावाचा रामराम. तुमच्या मातोश्रींच्या पायांवर डोकं, वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. तुमच्या पोटाची तक्रार आता कशी आहे? सुंठ बंद करून तुम्ही ओवा सुरू केल्याचं कळलं. ओव्यानं भागत नसेल तर पुन्हा सुंठीवर यावं, त्यात कमीपणा मानू नये. आमच्याकडे सर्व खुशाल आहे. बैल खुशाल, मिरची खुशाल. तुमची बहीण कौशल्या माझ्याशी बोलत नाही, पण प्रकृतीनं तीही खुशाल. पत्रास कारण तुमची भाची.

कोकिळा सातवी पास झाली हे तुम्हाला ठाऊक आहेच (पेढे पाठवले होते, पोचल्याचं तुम्ही कळवलं नाही, ते असो). गावातली शाळा तिथे संपते. पुढचं शिकायला खामगावला मामाकडे जाते, तिथे चित्रकला शिकवतात आणि पेटीही शिकवतात, असं ती धरून बसली. मी साफ नाही म्हणालो. पोरीच्या जातीनं चित्रं काढून आणि पेटी वाजवून कोणाचं घर चालवलंय? शिवाय हिच्या अंगात हे वेड आलं कुठून, तेच मला कळत नाही. आमच्या घराण्यात कोणी कधी गायलं नाही, आणि माझ्या वडिलांनी एकदा भजनात टाळ धरला तर लोकांनी तो काढून घेतला होता.

तुम्ही म्हणाल, गुरू कोण? गुरू नाही, हेच तर दुखणं आहे. हिला सगळीकडून शिकवणी मिळते. वाळायला घातलेली मिरची पाहावी तर ही तिच्यात रांगा पाडून बसलेली. काल तोडलेली लाल, परवाची काळपट, मधली कुठली तरी तिसरीच. माझ्या डोळ्यांना सगळी मिरची म्हणजे मिरची. एस. टी. आली की पोरं खिडकीतली माणसं बघतात, ही मागच्या धुळीचा रंग बघते. सुपात गहू पाखडताना हिचा हात मधेच थांबतो, कारण म्हणे ठेका चुकला. (गव्हाला ठेका असतो हे मला या वयात कळलं.) मोटेचं चाक कुरकुरतं म्हणून मी तेलाची बुधली घेऊन निघालो, तर ही आडवी आली. तेल घालू नका, बाबा, ते गाऊन राह्यलं. आता मला सांगा, अशा पोरीचं लग्न लावून मोकळं व्हावं की नाही? मी तसंच ठरवलं, आणि वैशाखात पिंपळगाव राजाच्या माणिकरावांकडचं स्थळ आणलं. घर भरलेलं, मुलगा निर्व्यसनी, आणि माणिकराव स्वतः बैलांचे असे पारखी की आमच्या बाजारात त्यांच्यावाचून सौदा होत नाही.

इथून पुढे जे घडलं ते मी शांतपणे लिहितो आहे, तुम्हीही शांतपणे वाचावं. पाहुणे येणार म्हणून मी कोकिळेला दोन कामं सांगितली. एक, बाहेरची भिंत सारवून तिच्यावर काहीतरी शोभेचं काढ. आणि दुसरं, बैलांची घुंगरमाळ चिंच लावून घास. कोण येणार, कशासाठी येणार, हे आपल्या रीतीप्रमाणे तिला सांगितलं नव्हतं. माळ घासायला निघाली हे पाहून शेजारच्या उकंडरावांनीही आपली माळ कुंपणावरून दिली (फुकट घासून मिळते तर ते कसले सोडतात). आमची माळ तुम्हाला माहीत आहे. आजोबांच्या वेळची, जाड आवाजाची. गाडी वळणाला आली की घरात ऐकू येते, आणि ऐकू आली की कौशल्या तवा चुलीवर ठेवते. आमच्या गल्लीत प्रत्येक घरची बाई आपापल्या माळेवर कान ठेवून असते, घड्याळ कोणाकडे आहे?

तर तुमच्या भाचीनं दोन्ही माळा सोडल्या, एकेक घुंगरू कानाशी धरून वाजवलं, जाड आवाजाची सगळी एका दोरीत आणि बारीक आवाजाची दुसऱ्या दोरीत ओवली, आणि जाड माळ उकंडरावांना परत केली. का, तर त्यांचे बैल पाय जड टाकतात, त्यांना ती शोभते. मी स्टँडवर पाहुण्यांना आणायला निघालो तेव्हा आवाज पातळ वाटला खरा. पण मला वाटलं, चिंचेनं निवळला असेल.

इकडे त्याच वेळी उकंडराव बाजारातून गाडीत सरकीची पेंड घेऊन आमच्या दारावरून परतत होते. वळणावर आमचा आवाज वाजला. कौशल्या आणि तिची जाऊ शालूबाई, दोघी डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढून ताट-तांब्या घेऊन दारात आल्या. पाहुण्याच्या तोंडाकडे बघायचं नाही ही तुमच्याच घरची शिकवण, तेव्हा त्यांना दिसले ते फक्त पाय. पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, आत नेऊन पाटावर बसवलं आणि शिऱ्याची ताटली पुढे ठेवली. उकंडराव एक शब्द बोलले नाहीत. नंतर मी जाब विचारला तेव्हा म्हणतात, "मले वाटलं वहिनीनं काही नवस फेडला. बाया पाय धुऊन राह्यल्या त मानसानं नाही कसं म्हनावं?" शिरा मात्र त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि तोही हातानं खूण करून.

मी खऱ्या पाहुण्यांना घेऊन दाराशी आलो तर सामसूम. आमची माळ वाजली, पण बारीक आवाजामुळे घरात सगळ्यांना ती उकंडरावांची वाटली. वैशाखाचं ऊन, माणिकराव, त्यांचा मुलगा आणि त्यांची बहीण जनकाबाई, तिघंही भिंतीच्या हातभर सावलीत उभे. करायला काही नाही म्हणून तिघांनी भिंतीकडे पाहिलं. मीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. नारायणराव, गणपती नाही, मोर नाही, पोरीनं अख्खा बाजार काढला होता. चुन्याचा पांढरा, गेरूचा लाल, काजळीचा काळा. निंबाखाली बैलांचा सौदा चाललेला, आणि दलालाच्या हातावर रुमाल टाकून बसलेला एक ढेरपोट्या माणूस, मिशा अशा की कोणीही ओळखावं. तुम्हाला माहीत आहे, रुमालाखाली कुठलं बोट दाबून किती भाव केला हे दोघांशिवाय देवालाही कळू द्यायचं नसतं. हिनं रुमाल इतका पातळ काढला होता की आतली बोटं दिसत होती.

"हे कोन होय?" माणिकराव म्हणाले.

"तुमीच होय," जनकाबाई म्हणाल्या. "पोटासकट."

गल्लीतली माणसं जमली ती बोटं ओळखायलाच. बाजारात जाणाऱ्या माणसाची बोटं उघडी करणं म्हणजे चारचौघांत त्याचं धोतर सोडणं. तेवढ्यात आतून उकंडराव मिशीला लागलेला शिरा पुसत बाहेर आले आणि पाहुण्यांना म्हणाले, या, बसा. स्थळ मोडलं. जाताना जनकाबाई मात्र मागे वळून भिंतीकडे बघत बघत गेल्या.

मी कोकिळेला समोर उभं केलं. रडली नाही. "बाबा, आपल्या माळेतले घुंगरू एकमेकाशी भांडून राह्यले होते. म्या त्याइले वेगळं केलं. पाहुण्याइचं मले कोनी सांगितलं काय?" मी ओरडलो. तेव्हापासून कौशल्या बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मोट हाकायला मीच गेलो. भरलेली मोट वर येताना चाक एक बोलतं आणि रिकामी खाली जाताना दुसरं. जन्मभर ते माझ्या कानाशी होतं, मी फक्त पाणी मोजत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी बैल धरून उभा राहिलो आणि मला फार वाईट वाटलं, कोणासाठी ते नीट सांगता येत नाही. तेलाची बुधली घरी परत आणली.

असो. तुम्ही मामा आहात, तुमच्या शब्दाला ती मान देते. तिला एक खरमरीत पत्र लिहून हे खूळ डोक्यातून काढा, आणि खामगावकडे एखादं स्थळ असल्यास कळवा. इति.

आपला,
भगवंतराव

ता. क. वरचं शेवटचं वाक्य मी कौशल्येला वाचून दाखवलं, तिनं चुलीकडे तोंड फिरवलं. तेव्हा खरमरीत पत्र लिहू नये. स्थळही बघू नये.

ता. क. हे पत्र ज्या मुलीनं तुमच्या हातात दिलं ती कोकिळाच आहे. तिला दारात उभी ठेवू नका, एस. टी.च्या उन्हानं डोकं चढलं असेल, आधी पाणी द्या. शाळा उघडली की तिचं नाव घाला. पेटीचंही बघा. सोबत उकंडराव आहेत. त्यांचे पाय धुऊ नयेत, त्यांना सवय लागली आहे. (माळ परत मागितली तर म्हणाले, आता बैल ती सोडू देत नाहीत.)

ता. क. हे स्टँडवरून, पेन्सिलीनं. एस. टी. सुटते आहे, ती खिडकीतून धुळीकडेच बघते आहे. घरी जाताना मी बैलांची माळ सोडून गाडीत ठेवणार आहे. बारीक आवाजाला आता कौशल्येचा कान सरावला आहे. माळ वाजली की ती तव्यावर भाकरी टाकेल, आणि सवयीनं तिघांच्या टाकेल.