स्टूल सरकलं तेव्हाचे चार सेकंद

१४ मार्च, शनिवार दुपार

प्रिय धाकट्या,

सप्रेम आशीर्वाद. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायला तरी हातात घ्यावं लागेल. इकडे सर्व क्षेम. माझे गुडघे आणि तुझ्या वहिनीचा स्वभाव, दोन्ही पूर्ववत.

तुझ्या पुतणीला आपली रेकॉर्ड सापडली. आपल्या फंक बँडची ती एकुलती एक, जिच्या निम्म्या प्रती आईनंच नातेवाइकांच्या गळ्यात मारल्या होत्या. कन्यारत्न हिप-हॉप करतं. म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यातले चार सेकंद कापायचे, तेच गरगर फिरवायचे आणि वर आपलं भांडण म्हणायचं. म्हटलं, "अगं, त्यात ट्रम्पेट आहे, माझी बास गिटार आहे, घे की!" तिनं घेतलं काय? ड्रम वाजवताना तुझं स्टूल सरकलं आणि डावा हात उशिरा पडला, नेमकं तेच.

आठ दिवस घरात तीच चूक ऐकतोय, दर चार सेकंदांनी. डोकं उठलंय. ऋषी चुकला तर त्याला आर्ष प्रयोग म्हणावं, असं पाठशाळेत शिकलो मी. तू चुकलास तेव्हा मात्र स्टुडिओत सगळ्यांदेखत म्हणालो, "तुझ्या हातात ताल नाही, खाज आहे."

परवा "मी नीट वाजवून देतो" म्हणत स्वतः ड्रमवर बसलो. दोन तास घाम गाळला.

"बाबा, तुमचं अगदी बरोबर आहे."

"मग?"

"म्हणूनच मान डोलत नाही. तेव्हा वाजवलंत तसं वाजवा ना!"

तेव्हा वाजवलंत तसं. इतका वेळ टाळतोय ते आता लिहितो. कव्हरवर ड्रमपुढे माझं नाव आहे. तू निघून गेलास, छपाईला चार दिवस होते; मी तुझं नाव खोडून माझं घातलं. बास गिटारपुढेही माझंच. एकाच वेळी दोन्ही वाजवणारा चतुर्भुज! कुणी साधी शंकासुद्धा काढली नाही, यावरही चिडत आलोय. आणि आता ती आपल्या गाण्याखाली लिहिणार होती, 'ड्रम: माझे बाबा.' सव्वीस वर्षांत पोरीला पहिल्यांदा माझा अभिमान वाटला, तोही तुझ्या हाताचा.

आज सकाळी तिला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं गाणं थांबवलं. "काकांनी हो म्हटल्याशिवाय हे बाहेर जाणार नाही," एवढंच म्हणाली आणि तुझा पत्ता मागितला. काका वाजवायचा, हेही तिला ठाऊक नव्हतं रे.

तिचं पाकीट याच्याबरोबरच येईल. तिचं आधी वाच. माझ्यावरचा राग रास्त आहे, तो माझ्यावरच काढ. तिला मात्र उत्तर दे.

तुझं नाव खोडणारा,
दादा