उजेड टायपिंगची मालकी आणि कपाटातली सीडी

मी, जया उकंडा पाईकराव, वय एकसष्ट, व्यवसाय टंकलेखन व संगणक शिकवणे, राहणार ढाणकी, तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही, आणि मला ओळखणाऱ्याला हे वेगळे सांगायची गरजही नाही. डॉक्टरांनी घाबरण्यासारखे काही सांगितलेले नाही. पण मशीन नीट चालत असतानाच बॅकअप घ्यावा हे मी सोळा-सतरा वर्षे पोरांना बजावत आले. तेव्हा आपले आपणही ऐकावे म्हणून बसले आहे.

माझा जन्म घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षीचा. वडील उकंडा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहत. मी दहावी झाले तेव्हा शेजारी म्हणाले, पोरीला वेचणीला पाठवा, हात लागतील. वडील म्हणाले, "पोरीच्या बोटाले सरकी नाही, अक्षर लागलं पायजे." मग ते मला सायकलवर डबलसीट बसवून उमरखेडला टायपिंगच्या क्लासला नेत. पुढे मी ढाणकीत बसस्टँडजवळ 'उजेड टायपिंग' काढले. त्यात २००१ साली पहिला कॉम्प्युटर आला. तो बघायला लोक चपला बाहेर काढून आत येत असत. लग्न केले नाही. कारण विचारणाऱ्यांना मी तेव्हाही उत्तर दिले नाही, आताही देत नाही.

कलम १. इंदिरानगरातील माझे दोन खोल्यांचे घर माझ्या भावाचा मुलगा इंद्रजित याला द्यावे. तो पुण्याला असतो. दर रविवारी न चुकता फोन करतो. तो घर विकेल हे मला माहीत आहे. खुशाल विकावे. फक्त विकण्याआधी एक आठवडा येऊन राहावे आणि मागच्या लिंबाला पाणी घालावे. टायपिंगचा गाळा मात्र त्याला नाही. "आत्या, आता टायपिंग कोण शिकते, तिथे मोबाइलचे कव्हर विकायला माणूस बसवू," असे तो दोनदा म्हणाला. रागाने नाही म्हणाला, व्यवहाराचे म्हणाला. पण मला लागले ते लागले.

कलम २. माझे मराठी टाइपरायटर इंद्रजितची मुलगी प्रेरणा हिला द्यावे. ती नऊ वर्षांची आहे आणि त्याच्यावर दोन्ही मुठींनी बडवते. बडवू द्यावे. त्या मशीनला अपडेट लागत नाही, लाईट लागत नाही. शाईची फीत मात्र आता मिळत नाही, म्हणून सहा फिती डब्यात जपून ठेवल्या आहेत.

कलम ३. बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी करावा. विहारात त्रिशरण म्हणावे, जेवणावळ घालू नये. उरेल ते विहारातील अभ्यासिकेला द्यावे व त्यातून मुलांसाठी एक कॉम्प्युटर घ्यावा. अट अशी की त्यावर अपडेट आपोआप चालू ठेवावे आणि सोबत इन्व्हर्टर घ्यावा. इन्व्हर्टर आधी, कॉम्प्युटर नंतर. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. अर्ध्या अपडेटवर बंद पडलेले मशीन पुन्हा उठवायला उमरखेडहून माणूस आणावा लागतो, आणि तो माणूस कधीच सांगितल्या दिवशी येत नाही.

कलम ४. समोरच्या झेरॉक्सवाल्या हरिसिंगकडे माझा स्टॅबिलायझर नऊ वर्षांपासून आहे. दोन दिवसांसाठी नेला होता. तो आता त्याचाच. पण माझ्या शोकसभेत त्याने उभे राहून "स्टॅबिलायझर जयामॅडमचा होता" एवढे एक वाक्य बोलावे, म्हणजे मी निर्धास्त जाईन.

कलम ५. ढाणकीच्या सर्व लोकांस, ज्यांनी मला "मॅडम, जरा पाहाना" म्हणून रस्त्यात, लग्नात आणि एकदा तर मयतीतही फोन दाखवला, त्यांना पुढील शहाणपण समान वाटून द्यावे.

फोन अडला तर आधी बंद करून चालू करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला मोबाइलवर आलेला आकडा सांगू नका, मग तो कितीही गोड बोलो. मोठ्या मुलाच्या नावापुढे एक-दोन-तीन हा पासवर्ड नव्हे. सगळ्या गावाला तुमच्या मोठ्या मुलाचे नाव माहीत आहे. कामाचा कागद दोन ठिकाणी ठेवा, एक आपल्याकडे, एक पाहुण्याकडे. मराठी टाइप करताना युनिकोडमध्ये करा, म्हणजे ते जगात कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल. याचे महत्त्व मला किती महागात कळले ते पुढच्या कलमात आहे.

आणि अपडेटला घाबरू नका. ढाणकीत एक समज आहे की अपडेट नेट खाते, मशीन मंद करते आणि पोरांचे फोटो पळवते. हा समज पसरवण्यात माझा वाटा मोठा आहे. मशीनवर अपडेटचा निरोप आला की मी नेटची वायर उपटून ठेवत असे आणि पोरांना सांगत असे, "चालून राह्यलं ना? मंग हात नका लावू." बाजारात माझा शब्द चाले. माझे बघून चार दुकानांनी वायरी उपटल्या.

कलम ६. माझा गाळा, त्यातील तिन्ही कॉम्प्युटर, प्रिंटर, बाके आणि 'उजेड टायपिंग' हे नाव रुपाली डोंगरसिंग राठोड, हल्ली उमरखेड, हिला द्यावे.

हे वाचून लोक विचारतील, जिला मॅडमने हाकलली तिलाच कसे? म्हणून कारण लिहिते. तोंडाने सांगायची हिंमत चार वर्षांत झाली नाही.

रुपाली बंजाऱ्यांच्या तांड्यावरून माझ्याकडे शिकायला आली आणि शिकवायला राहिली. सहा वर्षे होती. बोटे माझ्यापेक्षा वेगाने चालत आणि डोके बोटांच्या पुढे. २०१४ साली ती रोज म्हणायची, "मॅडम, या जुन्या विंडोजले आता अपडेट येणं बंद झालं. एक मशीन तरी नवं करून घेऊ." मी रोज नाही म्हणायचे. एका सुट्टीच्या दिवशी मी यवतमाळला गेले असताना तिने मधल्या मशीनवर नवी विंडोज टाकली. गावाचे सगळे मराठी काम त्याच मशीनवर होई; बाकीची दोन पोरांच्या इंग्रजी सरावाची, त्यांवर मराठी फॉन्ट नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बावीस शेतकरी उभे होते. त्या वर्षी कापसाचे बियाणे उगवलेच नव्हते. त्याच्या तक्रारी मीच टाइप करून दिल्या होत्या आणि दोन दिवसांनी तालुक्याला सुनावणी होती. सगळ्यांना नव्या प्रती हव्या होत्या. मी फाइल उघडली. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, टिंबे, कंस, उद्गारचिन्हे. दुसरी उघडली, तीही तशीच. तेरा वर्षांचे काम, गावाचे सगळे अर्ज, डोळ्यांदेखत चिखल झाले.

रुपाली म्हणाली, "मॅडम, फाइली शाबूत हायेत. अक्षरांची सीडी कुठी हाये? आपल्या जुन्या फॉन्टची?"

मी म्हणाले, "सीडीले काय करतं? तुह्या हाताले जे लागलं ते नासलं. तांड्यावरच बरी होती तू."

बावीस लोकांसमोर म्हणाले. शेवटचे वाक्य तर मशीनबद्दल नव्हतेच. माझ्या वडिलांना आणि मला जे आयुष्यभर ऐकावे लागले, ते मी माझ्या तोंडाने दुसऱ्याच्या लेकीला ऐकवले. तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. मी दोन दिवस टाइपरायटरवर बसून बावीसही अर्ज नव्याने टाइप केले. लोक सुनावणीला वेळेवर पोचले. नुकसान एकीचेच झाले.

तीन आठवड्यांनी घरपट्टीची पावती शोधताना लोखंडी कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सीडी सापडली. अक्षरांची. ती मीच २००६ साली कुलपात ठेवली होती. एखाद्या विद्यार्थ्याने कॉपी करून समोर दुकान थाटू नये म्हणून. आणि साफ विसरले होते. सीडी घातली, फॉन्ट मशीनमध्ये टाकला, फाइल उघडली. सगळी अक्षरे जागच्या जागी होती, एक वेलांटी हललेली नव्हती. तिला त्या सकाळी फक्त ती सीडी हवी होती. मी हे कुणाला सांगितले नाही. मी बाई कडक आहे अशी ख्याती होती, ती जपत बसले.

मागच्या वर्षी फायलींना कुलूप लावणारा व्हायरस सगळीकडे फिरला. माझी दोन मशीन त्याने खाल्ली. वायरी उपटून ठेवलेली तीच दोन. पेन ड्राइव्हमधून आला असावा. वाचले ते मधले, रुपालीने केलेले, ज्याचे अपडेट मी चिडून बंद करायचेही विसरले होते. यंदा बोंडअळीने कापूस खाल्ला, आणि नुकसानीचे सगळे अर्ज त्या एका मशीनवरून निघत आहेत. रोज त्याच्यासमोर बसते आणि रोज मला तिची आठवण येते. मी तिच्यावर अन्याय केला. माफी मागते.

येथपर्यंतचा मजकूर ता. १६ जानेवारीला लिहिला.

पुढचा आठ दिवसांनी लिहीत आहे. मध्ये जे झाले ते असे.

कलम ६ ची नक्कल मी माझे शेजारी, एसटीतून निवृत्त झालेले वाहक बाबाराव, यांच्या हाती उमरखेडला रुपालीकडे पाठवली. ती तिथे एका दस्तलेखकाकडे टायपिंग करते. मृत्युपत्र असे आधी दाखवायचे नसते हे मला कळते. पण तिने नकार दिला असता तर गाळ्यात मोबाइलचे कव्हर लागले असते, आणि ते मला मेल्यावर कळून काय उपयोग?

शनिवारी सकाळी ती स्वतः आली. गाळ्यात अर्जांसाठी पंधरा-सोळा लोक उभे होते. तिने कागद माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, हे मले नाही पायजे."

मी म्हणाले, "काहून? तुह्यासाठीच तर लिहिलं."

"मेल्यावर कायले देता? तुमच्या मरणाची वाट पाहात बसू का मी? अन माफी कागदावर मागता. तेव्हा तर तोंडानं बोलल्या होत्या, सगळ्याईसमोर."

मी गल्ल्यामागे बसले होते.  उठले. रांगेकडे तोंड केले आणि म्हणाले, "ऐका. चार वर्षांपूर्वी फाइली या पोरीनं नाही नासवल्या. अक्षरांची सीडी मीनं कुलपात लपवली होती. अन मी तिले तांड्यावरून जे बोलली, ते मले शोभत नव्हतं. रुपाली, मी चुकली."

 मग रांगेतल्या रुखमाबाई, ज्या त्या बावीस जणांतही होत्या, म्हणाल्या, "मॅडम, आमाले तवाच वाटलं होतं का पोरगी तशी नाही. पण तुमाले सांगावं कोनं?"

चार वर्षे ज्या अब्रूसाठी गप्प बसले, ती अशी होती. मला हसू आले आणि रडूही आले, दोन्ही लपवले नाही. रुपालीने पदर खोचला, मधल्या मशीनवर बसली आणि रुखमाबाईंना विचारले, "मावशी, गट नंबर सांगा." दुपारपर्यंत रांग संपली. मला एकटीला संध्याकाळ झाली असती.

त्यावरून पुढीलप्रमाणे बदल करीत आहे.

कलम ६ रद्द. वरील ओळी मी खोडलेल्या नाहीत, कारण त्या खऱ्या आहेत. परंतु त्यानुसार कुणाला काही मिळणार नाही. गाळा, मशीन व 'उजेड टायपिंग' हे नाव मी काल, ता. २३ रोजी, उमरखेडला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बक्षीसपत्र नोंदवून रुपालीला देऊन टाकले. मरेपर्यंत थांबले नाही. इंद्रजितला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "आत्या, बरं केलं. तू आता काय करशील?"

मी काय करायचे ते नव्या मालकिणीने ठरवले आहे. सकाळची सातची बॅच मी शिकवायची. पगार मिळेल. अपडेटचा निरोप आला तर मी कशालाही हात न लावता तिला बोलवायचे. बंद पडलेली दोन्ही मशीन नव्याने उभी करायला ती सोमवारी माणूस आणत आहे. दारावर पाटी लागली आहे : 'अपडेट करून मिळेल. मराठी फॉन्ट फुकट.' दोन दिवसांत सहा जण फॉन्ट घेऊन गेले. समोर अजून कुणी दुकान थाटलेले नाही.

बाकीची कलमे १ ते ५ कायम. या कागदाची अंमलबजावणी बाबाराव यांनी करावी. घाई नाही. मला सातची बॅच आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, चष्मा लावून, दोन साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे आणि त्यांनी माझ्यासमक्ष केली आहे.

ठिकाण : ढाणकी
तारीख : २४ जानेवारी २०१८

(सही) जया उकंडा पाईकराव

साक्षीदार १ : (सही) बाबाराव, निवृत्त एसटी वाहक, राहणार ढाणकी. मॅडम शुद्धीत आहेत. सही करताना माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या.

साक्षीदार २ : (सही) रुपाली डोंगरसिंग राठोड. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे आमच्या दस्तलेखकांनी सांगितले, म्हणून लिहून देते की या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही. माझे मला शनिवारी सगळ्यांसमोर मिळाले.